प्रूफ नाणी धुरकट का होतात? साठवणुकीतल्या या चुका टाळा

प्रूफ नाणं म्हणजे संग्राहकांसाठी खास घडवलेलं नाणं; त्याचं सगळं मोल पृष्ठभागात असतं. खास पॉलिश केलेल्या चकतीवर पॉलिश केलेले ठसे एकापेक्षा जास्त वेळा मारून टांकसाळ तो आरशासारखा तळ आणि त्यावर उठून दिसणारी दुधी आकृती घडवते. अशा नाण्यावर धुरकट पडदा दिसला की हात पहिल्यांदा रुमालाकडे जातो. तो आवरा. मऊ सुती कापडानेसुद्धा तळावर बारीक चरे उमटतात, दिव्याखाली नाणं तिरकं धरलं की ते स्पष्ट दिसतात आणि पुढे कशानेच जात नाहीत. घरातली चांदी उजळायला आपण वापरतो ती चिंच, रांगोळी, टूथपेस्ट इथे सक्त वर्ज्य. सोनाराकडचं चांदी उजळवायचं द्रावणही नको. ते काळपटपणाबरोबर धातूचा वरचा थरच खातं आणि आरसा कायमचा मंद होतो.

भारतीय संग्राहकाला आणखी एक गोष्ट माहीत हवी. आपली अनेक स्मारक नाणी शुद्ध चांदीची नसतात. अटलबिहारी वाजपेयींचं २०१८ चं १०० रुपयांचं नाणं घ्या. ३५ ग्रॅम, ४४ मिलिमीटर, आणि त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. चांदीला गंधकाचा त्रास, तांब्याला आम्ल, क्लोराइड आणि दमटपणाचा. या नाण्याला दोन्हींपासून जपावं लागतं.

सर्वाधिक नुकसान करतं ते मऊ, पारदर्शक पीव्हीसीचं पाकीट. बाजारात सहज मिळणाऱ्या अल्बमच्या लवचिक पानांत बहुधा हेच प्लास्टिक असतं. नव्या रेनकोटसारखा वास आला तर समजा तेच आहे. त्यातला मऊपणा आणणारा तेलकट पदार्थ हळूहळू बाहेर झिरपतो, प्लास्टिक कुजताना आम्लही सुटतं, आणि नाण्यावर आधी पातळ धुरकटपणा, मग हिरवट चिकट ठिपके येतात. हिरवं दिसेपर्यंत धातू पोखरायला सुरुवात झालेली असू शकते. पॉलिएस्टरची पाकिटं (मायलार) किंवा नाण्याच्या मापाची कडक अ‍ॅक्रिलिक कॅप्सूल घ्या. इथे पैसे वाचवू नका.

गंधक मात्र घरात कुठेही असतो: रबरबँड, साधा पुठ्ठा, वर्तमानपत्र, लोकरीचं कापड. लाकडी कपाट आणि एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळ्यांच्या) पेट्यांतून आम्लाची वाफ येते. देखणी मखमली पेटी नाण्याला सुरक्षित असेलच असं नाही. पेटी आणि टांकसाळीचं कार्ड जपून ठेवा, किमतीला त्यांची मदत होते, पण नाणं कॅप्सूलमध्ये ठेवा. टांकसाळीचा सीलबंद सेट अजून स्वच्छ असेल, तर माझ्या मते तो फोडू नये.

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यातली हवा वेगळाच प्रश्न उभा करते. हवाबंद डब्यात रंग बदलणाऱ्या प्रकारचं सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की सुकवून परत वापरा. मात्र ते फक्त ओलावा शोषतं, गंधकाची वाफ नाही. बँकेच्या लॉकरलाही ओल येते, तिथेही हेच करा. त्याच जागी डांबरगोळ्या किंवा कापूर ठेवू नका.

नाणं नेहमी कडेने धरा आणि त्यावर वाकून बोलू नका. बोटांचे डाग सुरुवातीला दिसत नाहीत, महिन्यांनी तपकिरी उमटतात. थुंकीच्या बारीक शिंतोड्यांचंही तसंच.

आता, पडदा आधीच आला असेल तर? आधी तो कसला आहे ते पाहा. तेलकट, निळसर किंवा हिरवट थर असेल, तर शुद्ध अ‍ॅसिटोन उपयोगी पडतं. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. नाणं कॅप्सूलमधून बाहेर काढा. काचेच्या भांड्यात काही मिनिटं बुडवा, मग दुसऱ्या स्वच्छ अ‍ॅसिटोनमध्ये एकदा विसळा आणि कडेवर उभं धरून हवेत सुकू द्या. घासू नका. खिडकी उघडी हवी, जवळ ज्योत नको, कारण अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं. कडेकडून आत सरकणारा पिवळा-तपकिरी रंग याने जाणार नाही. तो धातूतच झालेला बदल आहे. बोटांचे जुने डागही अ‍ॅसिटोनने जात नाहीत. शुद्ध चांदीच्या नाण्यांवरचे पांढरे, दुधासारखे डाग बहुधा टांकसाळीतल्या प्रक्रियेतून येतात, त्यांवर खात्रीचा उपाय नाही. अशी नाणी आहेत तशीच चांगल्या कॅप्सूलमध्ये ठेवा, आणि विकताना डाग स्पष्ट दिसतील असे फोटो द्या.