दिवाणी दाव्यासाठी मोफत वकील: अर्ज कुठे, कसा आणि कोणत्या मुदतीत

समन्स हातात पडलं की वकील शोधायच्या आधी दोन तारखा कागदावर लिहून काढा: समन्स मिळालं तो दिवस आणि कोर्टातली पुढची तारीख. प्रतिवादीने लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. उशिराचं कारण कोर्टाला पटलं तर ९० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. मोफत वकिलासाठी अर्ज केला म्हणून हे दिवस थांबत नाहीत, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. अर्ज दिला, पोच घेतली, आता कळवतील म्हणून माणूस घरी थांबतो. तारखेला त्याच्या बाजूने कोणीच उभं नसतं आणि दावा एकतर्फी चालतो. वकील मिळाला नसला तरी तारखेला स्वतः हजर राहा, पोच दाखवा आणि मुदतीसाठी साधा लेखी अर्ज द्या. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेश, झालाच असेल तर तो रद्द करून मागायला ३० दिवस असतात. समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

दावा तुम्हालाच लावायचा असेल तरी मुदत असतेच. उसने दिलेले पैसे वसूल करायला साधारण ३ वर्षं, मालकीच्या आधारे जागेचा ताबा मागायला १२ वर्षं. निकाल विरोधात गेला तर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करायचं. सही-शिक्क्याची नक्कल मिळायला जेवढा वेळ लागतो तो या हिशेबातून वगळतात. म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा.

आता मोफत वकिलाचा हक्क कोणाला, ते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये यादी आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेली व्यक्ती. यातल्या कोणालाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी आहे, महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत हवं आणि सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणासाठी ५ लाखांच्या आत. हे नीट माहीत नसल्याने कित्येक बायका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालत बसतात आणि तेवढ्यात लेखी कैफियतीची मुदत निघून जाते. महिलेला तो दाखला लागतच नाही. ज्यांना उत्पन्न दाखवावं लागतं त्यांचंही प्रतिज्ञापत्र कायद्याने पुरेसं धरता येतं; ते खोटं असल्याची शंका असेल तरच प्राधिकरण पुढची चौकशी करतं. दाखला हाताशी असेल तर जोडा, नसेल तर प्रतिज्ञापत्रावर अर्ज द्या आणि दाखला मागाहून आणा.

अर्ज कुठे द्यायचा हे दावा कोणत्या कोर्टात आहे त्यावर ठरतं. तालुक्याच्या कोर्टात असेल तर त्याच आवारातली तालुका विधी सेवा समिती, जिल्हा न्यायालयात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, उच्च न्यायालयात असेल तर तिथली विधी सेवा समिती. चुकीच्या ठिकाणी गेलात तरी योग्य जागा विचारूनच परत फिरा. १५१०० या क्रमांकावर फोन करून किंवा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनही सुरुवात करता येते. आणखी एक, जे फारसं कोणाला ठाऊक नसतं: या कायद्यात महसुली न्यायालयही येतं. फेरफार, वारसनोंद, वहिवाटीचा रस्ता अशा तहसीलदार किंवा प्रांतांपुढच्या प्रकरणातही वकील मागता येतो.

छापील नमुना कार्यालयात मिळतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. तिथल्या माणसाने ते उतरवून घेऊन अंगठा घ्यायचा असतो. सोबत ओळखपत्र, लागू असेल तर जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला आणि वादाचे कागद न्या. नोटीस आली असेल तर तिचा लिफाफाही जपून ठेवा, त्यावरच्या शिक्क्यावरून तारीख सिद्ध होते. जमिनीच्या वादात सातबारा आणि फेरफार, भाड्याच्या वादात करारनामा आणि पावत्या. मूळ कागद कोणाच्याही हवाली करू नका, झेरॉक्स द्या.

अर्जात कहाणी कमी आणि तारखा जास्त असाव्यात. ‘भाऊ त्रास देतो, न्याय मिळावा’ एवढ्यावर अर्ज अडतो, कारण प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का हे प्राधिकरणाला पाहायचं असतं. त्याऐवजी असं लिहा: वडील कधी वारले, जमिनीचा गट क्रमांक काय, वारस किती, कोणाचं नाव कोणत्या फेरफाराने लागलं, आपल्याला काय हवंय. एक पान पुरतं. दावा आधीच चालू असेल तर १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहा. त्याच क्रमांकावरून ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर पुढची तारीख स्वतःला बघता येते.

अर्जावर शक्यतो त्याच दिवशी, आणि जास्तीत जास्त ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर कारण लेखी मागा आणि प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करा. मंजूर झाला की पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, वकील नेमला जातो. कोर्ट फी, समन्स बजावणीची फी, टायपिंग, नकला हा खर्चही मदतीतच धरलेला असतो.

नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडून फी घ्यायची नसते. ‘चहापाण्याला’, ‘फाईलला’ अशा नावाने सुद्धा नाही. कोणी मागितलेच तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. वकीलपत्र वाचून सही करा, कोऱ्या कागदावर करू नका. वकील तारखेला येत नसेल तर कोणत्या तारखा चुकल्या ते लिहून वकील बदलून मागता येतो. नुसतं ‘लक्ष देत नाही’ म्हटलं तर ती तक्रार तशीच पडून राहते. उलट बाजूनेही सांभाळा: खोटी माहिती दिली, वकिलाला सहकार्य केलं नाही किंवा मध्येच खासगी वकील लावला, तर मदत काढून घेतली जाते.

सगळे वाद कोर्टातच लढवायला हवेत असं नाही. लोकअदालतीत फी नसते, आणि चालू दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण सही करण्याआधी थांबा. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. रक्कम किती, कोणत्या तारखेपर्यंत, हप्ता चुकला तर काय, हे तडजोडीत लिहिलेलं नसेल तर सही करू नका. वीज, पाणी, दवाखाना, विमा अशा सेवांच्या तक्रारीसाठी कायमस्वरूपी लोकअदालत वेगळी आहे. तिची मर्यादा १ कोटी रुपयांपर्यंत आहे आणि तडजोड झाली नाही तर ती स्वतः निकालही देऊ शकते. मात्र दावा आधीच कोर्टात गेला असेल तर हा रस्ता बंद होतो, म्हणून हा विचार आधी करावा.

कलम १२ मध्ये न बसणाऱ्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३३ आहे. कोर्ट फी भरण्याची ऐपत नसल्याचं दाखवून निर्धन म्हणून दावा लावण्याची परवानगी मागता येते. त्यासाठी आपल्या मालमत्तेची पूर्ण यादी द्यावी लागते. काही लपवलं तर परवानगी जाते. ही फी माफ होत नाही, पुढे ढकलली जाते. दावा जिंकलात तर सरकार ती वसूल करतं आणि मिळालेल्या मालमत्तेवर तिचा पहिला बोजा असतो.