एडिट लॉग कसा वाचावा: बेळगाव भागात अकाउंट्समध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

उद्यमबाग किंवा मच्छेतल्या कारखान्यात अकाउंट्सला लागलात की हे काम कधीतरी तुमच्यापर्यंत येणारच: "लॉग काढ आणि कोणी बदललं ते सांग." लॉग म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरने आपोआप ठेवलेली प्रत्येक बदलाची नोंद. साहेब 'कोणी' विचारतात, म्हणून नवीन मुलं-मुली थेट युजरच्या नावावर फिल्टर लावतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की तिथून सुरुवात करू नका. आधी काय बदललं ते बघा, मग केव्हा. नाव सगळ्यात शेवटी. नावापासून सुरुवात केली की त्या माणसाची दिवसभराची प्रत्येक साधी एंट्रीसुद्धा संशयास्पद दिसायला लागते आणि खरा बदल त्या गर्दीत हरवतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबासाठी असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. ऑडिटरलाही त्याबद्दल अहवालात लिहावं लागतं. आपल्याकडची पुष्कळ युनिट्स भागीदारीतली किंवा एकाच मालकाची आहेत. त्यांना हा नियम लागू नाही, पण लॉग चालू ठेवायचा आग्रह तिथेही धराच.

लॉग कुठल्याही सॉफ्टवेअरचा असो, रकाने साधारण तेच असतात: कुठला मास्टर (पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची किंवा सप्लायरची, कायमची माहिती) किंवा व्हाउचर (एकेका व्यवहाराची नोंद), त्यातलं कुठलं फील्ड, जुनी किंमत (फील्डमध्ये आधी जे लिहिलेलं होतं ते), नवी किंमत, लॉगिन, तारीख, वेळ. टॅलीप्राइममध्ये व्हाउचरची आधीची आवृत्ती आणि आताची ताडून बघता येते. सॅप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच माहिती दोन टेबलांत वाटलेली असते. सीडीएचडीआरमध्ये कोणी आणि केव्हा, तर सीडीपीओएसमध्ये जुनी आणि नवी किंमत. दोन्ही बदल-क्रमांकाने जोडल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

पहिला फिल्टर फील्डवर लावा. ज्यांच्यामुळे पैसा किंवा कर हलतो अशी फील्डं मोजकीच असतात: बँक खातं, आयएफएससी, जीएसटी नंबर, राज्य, दर, उधारीची मर्यादा, ओपनिंग बॅलन्स. पत्ता, फोन, ईमेल हे सगळं बाजूला काढा, पण पुसू नका. का, ते पुढे येईल. पार्टी शोधताना नावाने शोधू नका. आपल्या भागात एकाच आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं मराठी वळणाची वेगळी, कन्नड वळणाची वेगळी. पार्टी कोड किंवा जीएसटी नंबर धरा.

सीमाभागात सगळ्यात जास्त जपायचं फील्ड म्हणजे राज्य. वेंगुर्ला रोडने शिनोळीला गेलं की चंदगड तालुका लागतो, म्हणजे महाराष्ट्र, जीएसटी नंबरच्या सुरुवातीचा राज्य कोड २७. आपण कर्नाटकात, कोड २९. इथली फाउंड्री शिनोळीच्या पार्टीला माल विकते तेव्हा बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर) येतो. तीच पार्टी मास्टरमध्ये चुकून कर्नाटकची झाली, तर बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्रीवरचे कर) पडतात. मग बरोबर कर आधी भरा, चुकीचा परत मागा आणि तोवर गिऱ्हाइकाचे फोन घेत बसा.

एका ठिकाणी नेमकं हेच झालेलं मी जवळून पाहिलं. पार्टीच्या जीएसटी नंबरची सुरुवात २७ने, पण मास्टरमध्ये राज्य कर्नाटक. लॉगमध्ये एका मुलीचं लॉगिन होतं आणि बोलणी तिच्यावर येऊन ठेपली होती. मग फील्डचा फिल्टर काढून त्याच मिनिटातल्या सगळ्या ओळी पाहिल्या. त्याच लॉगिनने तेवढ्यात कितीतरी मास्टर बदलले होते, आणि बहुतेक ठिकाणी जुनी किंमत बेल्गाम, नवी बेळगावी. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ला बदललं, पण जुन्या मास्टरमधले पत्ते तसेच पडून होते. ते सुधारायला एक्सेल अपलोड केली होती आणि त्या फाइलमध्ये राज्याचा रकाना वरून खालपर्यंत एकच भरलेला होता. फाइल दुसऱ्याने बनवलेली, तिने फक्त चढवलेली. बाजूला काढलेल्या पत्त्यांच्या ओळी ठेवल्या होत्या, म्हणून हे दिसलं. लॉग लॉगिन सांगतो, हात सांगत नाही. जिथे तिघं मिळून एकच पासवर्ड वापरतात, तिथे तर तो लॉगिनसुद्धा धड सांगत नाही. अशा ऑफिसात रुजू झालात तर वेगळं लॉगिन मागून घ्या, अगदी पहिल्याच दिवशी.

दुसरा फिल्टर तारखांमधल्या अंतराचा. व्हाउचरची तारीख मागच्या महिन्याची आणि बदल चालू महिन्याच्या ११ तारखेनंतरचा, अशा ओळी वेगळ्या काढा. दर महिन्याला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरणाऱ्यांची मुदत ११ असते. त्यानंतर विक्रीचं बिल बदललं, तर वही एक बोलते आणि रिटर्न दुसरंच.

तिसरी गोष्ट बऱ्याच अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटते. सप्लायरचं बँक खातं सकाळी बदललं, दुपारी पेमेंट गेलं, संध्याकाळी खातं पुन्हा मूळचं केलं. महिन्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा मास्टर ताडून बघितला तर फरक शून्य. म्हणून बँक खात्यांसाठी लॉगची प्रत्येक ओळ वाचायची, आणि पहिल्या ओळीतली जुनी किंमत नंतर कुठे नवी म्हणून परत येते का ते तपासायचं. आली, तर मधल्या काळातली पेमेंटं लगेच काढा.

वेळेचा घोळही ध्यानात ठेवा. क्लाउडवरची कितीतरी सॉफ्टवेअर लॉग यूटीसी वेळेत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) देतात. त्यात पहाटे ४ला दिसणारी एंट्री आपल्याकडे सकाळी साडेनऊची असते. "पहाटे कोण आलं होतं ऑफिसात?" असं कुणाला विचारण्याआधी साडेपाच तास मिळवा. १ एप्रिलच्या पहाटेचा बदल यूटीसीत ३१ मार्चचा दिसतो, म्हणजे वर्षच बदलतं.

सापडलेलं लिहिताना "अमुकने बदललं" असं लिहू नका. "अमुक लॉगिनवरून, अमुक वेळी, हे फील्ड यावरून यावर गेलं" एवढंच लिहा आणि त्या व्यक्तीला आधी भेटून विचारा. मूळ एक्स्पोर्टची प्रत हात न लावता वेगळी ठेवा, आणि काम केलेल्या फाइलच्या पहिल्या शीटवर कुठले फिल्टर कुठल्या क्रमाने लावले ते नोंदवा. कंपनीला हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं जपावी लागतात. तुम्ही तोवर पुण्याला गेला असाल, तरी तुमच्या जागी आलेल्याला तीच यादी पुन्हा काढता आली पाहिजे.