64 मीटरांत पृथ्वीचं केंद्र: सुकतीच्या वाळूवर करून बघा

शाळेच्या पुस्तकात पृथ्वी उकडलेल्या अंड्यासारखी कापून दाखवतात. त्या चित्राने दोन गैरसमज डोक्यात पक्के बसतात. एक, वरचं कवच बऱ्यापैकी जाड आहे. दुसरा, त्याच्या खाली सगळा लाव्हारस खदखदतोय. माझ्या डोक्यात तर ते चाळिशीपर्यंत होते. भाचरांना शिकवायची वेळ आली तेव्हा हा खेळ जमवला.

पाच-सहा मुलं, लांब सुंभ, चार काठ्या आणि मोजपट्टी घ्या. सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ बघून गोव्यात मिरामारला किंवा कोलव्याला जा. तिथे ओली, घट्ट वाळू भरपूर मिळते. पावसाळ्यात शाळेचं मैदान चालेल.

1. रेघ मारा

प्रमाण ठरवा: 1 किलोमीटर म्हणजे 1 सेंटिमीटर. पृथ्वीची त्रिज्या सुमारे 6,371 किमी, म्हणजे जवळपास 64 मीटरची सरळ रेघ. एका टोकाला आपण उभे, दुसऱ्या टोकाला केंद्र.

आता आपल्या टोकापासून 35-40 सेंमीवर खूण करा. आपल्या पायाखालचं कवच तेवढंच! समुद्राच्या तळाचं तर साधारण 7 सेंमी. सोनसोगड, गोव्यातलं सर्वांत उंच शिखर, जेमतेम सेंटिमीटरभर. माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला इथलं, 12 किमीहून थोडं अधिक. आपल्या रेघेवर वीतभरसुद्धा नाही. मुलांना इथेच थांबू द्या, पुढे उरलेली रेघ बघू द्या.

मग चालायला लागा. 28.9 मीटरपर्यंत प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर. तिथे काठी. पुढे 22.6 मीटर बाह्य गाभा, वितळलेल्या लोखंड-निकेलचा. उरलेले 12.2 मीटर अंतर्गाभा. पाच हजार अंशांच्या वर तापमान, तरी दाबामुळे घन.

2. हे कळलं कसं, ते मुलांच्या रांगेत दाखवा

मुलांना एकामागे एक उभं करा, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर घट्ट. शेवटच्याने हलका धक्का दिला की तो पुढेपर्यंत जातो. शेवटचा डावीकडे झुकला की सगळी रांगच डुलते. हा झाला घन पदार्थ. आता हात खाली घ्यायला सांगा, पण उभं चिकटूनच राहायचं. धक्का अजूनही जातो, डोलणं मात्र पुढे सरकत नाही. हा द्रव.

भूकंपाच्या लाटाही अशाच दोन जातींच्या. ढकलणाऱ्या प्राथमिक लाटा घन-द्रव दोन्हींतून जातात, डुलवणाऱ्या दुय्यम लाटा द्रवात मरतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1897 चा आसामचा भूकंप अभ्यासला आणि 1906 मध्ये लाटांवरून पृथ्वीला गाभा आहे हे दाखवलं. दुय्यम लाटा बाह्य गाभ्यातून जात नाहीत, म्हणून तो द्रव. त्याच्या आत आणखी एक गाभा आहे हे 1936 मध्ये इंगे लेहमन या डॅनिश बाईंनी ओळखलं.

आणि प्रावरण? त्यातून दुय्यम लाटा खुशाल जातात. म्हणजे ते घन आहे. लाव्हारस तिथे फक्त काही ठिकाणी, थोडाथोडा तयार होतो.

3. घन वाहतं कसं?

पुष्कळजण चुलीवरची पेज दाखवतात: मधून शितं वर येतात, कडेने खाली जातात. उष्णतेचं चक्र कळायला पेज उत्तम, पण तिने पुन्हा ‘खाली पातळ रस आहे’ हेच मनात ठसतं. त्यापेक्षा डांबर आठवा. थंड डांबराच्या गोळ्यावर हातोडी मारली तर तुकडे उडतात, पण तेच डांबर हळूहळू वाहतही असतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात 1927 पासून नरसाळ्यात ठेवलेल्या डांबराचे 2014 पर्यंत नऊ थेंब पडले. प्रावरण त्याहून कितीतरी संथ.

वाळूच्या रेघेवर आता एक मीटरवर काठी रोवा. कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा कडक थर मिळून भूपट्ट होतो, साधारण एवढ्या जाडीचा. त्याला हलवतं कोण? घरी टेबलावर ओला पंचा पसरा आणि एक कड खाली लोंबू द्या. लोंबणारा भाग वाढला की तो उरलेला पंचा ओढून नेतो. समुद्रतळाचा जुना, थंड, जड पट्टा प्रावरणात बुडताना मागच्या पट्ट्याला असाच ओढतो.

4. भारत कापा

नकाशावरून भारत, मादागास्कर आणि आफ्रिका पुठ्ठ्यावर उतरवून कापा. आपला पश्चिम किनारा मादागास्करच्या पूर्व किनाऱ्याला चिकटवून ठेवा. सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी हे दोघे वेगळे झाले. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांचे खडक त्याच काळातले. भारत उत्तरेकडे सरकवत न्या. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास थांबा: तेव्हा दख्खनचा लाव्हा पसरला. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या टोकाला, चोर्ल्याच्या बाजूला त्याचाच काळा बेसाल्ट आहे. त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्स बेटं भारतापासून सुटली. मग सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला टक्कर. हिमालय अजून उंचावतोच आहे.

अनमोड घाटाकडचे पट्टेदार खडक मात्र तीनशे कोटी वर्षांहून जुने. या सगळ्या प्रवासात ते नुसते प्रवासी होते.

5. अंगणात मोजा

आपला भूपट्ट आजही वर्षाला साधारण 5 सेंमी ईशान्येकडे सरकतोय, नखं वाढतात त्याच्या आसपास. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हापासून सुमारे तीन मीटर झाले; 1510 मध्ये पोर्तुगीज आले तेव्हापासून पंचवीसेक. दाराच्या चिऱ्यापासून तीन मीटर मोजून खूण करा. धाकट्या भाचीने लगेच विचारलं, मग आपली हद्द शेजाऱ्याच्या माडांत गेली का? नाही गं, शेजारी माडांसकट आपल्याबरोबरच सरकलाय. जमिनीच्या मालकीचा एक-चौदाचा उतारा आहे तसाच राहतो.