उलट्या तार्तचा चिखल कसा थांबला

फ्रान्समधल्या ओर्लेआँला राहायला आल्यावर तार्त तातँ करणं आलंच: खाली कॅरॅमलमधली सफरचंदं, वर पेस्ट्री, आणि भाजून झाल्यावर ताटात उलटवायचं. ज्या तातँ बहिणींच्या हॉटेलमुळे हा पदार्थ गाजला, त्यांचं लामोत-बव्रों हे गाव इथून दक्षिणेला, जवळच. त्यांच्याकडून तो चुकून उलटा झाला, अशी दंतकथा आहे. माझा दोनदा खरोखरच चुकला: ताटात उलटवला की सफरचंदांचा लगदा, पाणीदार पाक आणि ओलागच्च पेस्ट्री.

आधी ओव्हनला शिव्या घातल्या. उगाच! दोष सफरचंदातल्या पाण्याचा होता. तिसऱ्यांदा भुसभुशीत फळं सोडून घट्ट गोल्डन जातीची सफरचंदं आणली, ८ नग. सोलून, चार फोडी करून रात्रभर फ्रिजमध्ये उघडीच ठेवली. सकाळी कडा तपकिरी, जरा सुकलेल्या. त्याची काळजी नको, पुढे सगळं तपकिरीच होतं. १०० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम लोणी यांच्या कॅरॅमलमध्ये फोडी खेटून उभ्या लावल्या आणि गॅसवरच रस आटेपर्यंत शिजवल्या. मग पूर्ण गार केल्या. पूर्वी घाईत गरम फोडींवरच पेस्ट्री पसरायचे, ती तिथेच वितळायची. आता गार फोडींवर पेस्ट्री पसरून तिला काट्याने भोकं पाडली, ओव्हनमध्ये २०० अंशांवर अर्धा तास.

दहा मिनिटं थांबून उलटवला. एकच फोड भांड्याला चिकटली, ती मी तिथेच खाल्ली.