जर्मन कुटुंबात स्वयंसेवक म्हणून राहायला जाताना

एफएसजे किंवा बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट या जर्मन स्वयंसेवा योजनांतून वृद्धाश्रमात, बालवाडीत काम करायला आपल्याकडची मुलंमुली जातात. काहींना राहायला यजमान कुटुंब मिळतं. काम शिकवायला संस्था असते; घरात कसं राहायचं ते मात्र आपलं आपणच शिकावं लागतं. त्यासाठी एक सवय आधी लावून घ्या: मनात आहे ते स्पष्ट बोलायचं.

निघण्यापूर्वी

कुटुंबाला सविस्तर मेल लिहा. नुसतं ‘शाकाहारी आहे’ लिहून भागत नाही. अंडं चालतं का, मासे चालतात का, प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन घातलेल्या चघळायच्या गोळ्या चालतात का, हेही लिहा. कुत्र्याची भीती वाटत असेल तर तीही आत्ताच सांगा. भेट म्हणून पेढे किंवा तूप नेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. शेंगदाण्याची चिक्की न्या.

पहिली संध्याकाळ

घर दाखवतील तेव्हाच विचारून घ्या: वॉशिंग मशीन कधी लावायचं, सकाळी न्हाणीघर कधी मोकळं असतं, फ्रीजमधलं काय घेतलेलं चालेल, मित्रमैत्रिणींना घरी आणलं तर चालेल का. काका-काकू म्हणायची गरज नाही. बहुतेक घरांत नावानेच हाक मारायला सांगतात. पण ते सांगेपर्यंत मोठ्यांशी आदरार्थी ‘झी’ (म्हणजे ‘तुम्ही’) वापरा.

जेवणात आपली मुलं सर्वांत जास्त अडखळतात. आपल्याकडे पाहुणा आधी ‘नको नको’ म्हणतो आणि यजमान आग्रहाने वाढतो. तिथे ‘नको’ म्हणजे नको. भांडं पुढे जातं आणि तुम्ही उपाशी राहता. यात कुणाचा रुक्षपणा नाही. तुमच्या शब्दाला मान दिलेला असतो. भूक असेल तर पहिल्यांदाच ‘हो’ म्हणा, पुन्हा हवं असेल तर मागा. रात्री अनेक घरांत पाव, चीज, काकडी असं थंड जेवण असतं. गरम जेवायची सवय असेल तर विचारा. आठवड्यातून एकदा तुम्ही स्वयंपाक केलात तर बहुतेकांना आवडेलच. फोडणी देताना मात्र खिडकी उघडा आणि चिमणीचा पंखा लावा, कारण घरात धुराचे अलार्म असतात.

न्हाणीघर आणि खिडक्या

तिथल्या न्हाणीघरात शॉवरच्या बाहेर पाणी जायला सहसा मोरी नसते. जमीन कोरडी ठेवायची, अंघोळीनंतर काच पुसून घ्यायची. घरं बंदिस्त असल्याने ओलाव्याने भिंतींना बुरशी धरते. म्हणून थंडीतसुद्धा दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडतात, हीटर तेवढा वेळ बंद ठेवून. हे विचित्र वाटलं तरी पाळा. बुरशी काढायचा खर्च मोठा असतो.

कागदपत्रं, कचरा, रविवार

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो, तो पहिल्याच दिवशी मागून घ्या. मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही.

कागद, ओला कचरा, पॅकिंगचा कचरा आणि उरलेला कचरा वेगळा टाकतात. डब्यांचे रंग गावागणिक बदलतात, घरच्यांनाच विचारा. पेयांच्या बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर 25 सेंट अनामत असते, दुकानात परत केल्यावर ती मिळते. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि आवाजाची कामं करत नाहीत, त्यामुळे खरेदी शनिवारीच उरका.

बोलत राहा

पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात शिकलेली जर्मन आणि दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागातल्या आजींची बोली यांत बरंच अंतर आहे. न कळल्यावर मान डोलावू नका, ‘पुन्हा सांगाल का’ म्हणा. संध्याकाळी दार लावून फोनवर घरच्यांशी बोलत बसण्याचा मोह मोठा असतो, पहिल्या महिन्यात तरी जेवणानंतर थोडा वेळ सगळ्यांत बसा. एकटं राहावंसं वाटलं तर तसं सांगून खोलीत जा.

काही खटकलं तर दोन दिवसांत, शांतपणे, त्याच माणसाशी बोला. तरी निभत नसेल तर संस्थेने नेमून दिलेल्या मार्गदर्शकाला सांगा आणि दुसरं घर मिळेल का ते विचारा. तुमच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर कुटुंबाशी बोलण्याची वाट न बघता थेट संस्थेला फोन करा. तातडीच्या मदतीचा क्रमांक 112 आहे, पोलिसांसाठी 110.