डाळिंबाच्या रंगावर चालणारा सौर घट : कसा बनवावा आणि कसा मोजावा

नाशिकच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी सौर घटाचा प्रकल्प घ्यायचा म्हटले की बहुधा बाजारातून सिलिकॉनचे तयार पॅनेल आणतात, त्याला पंखा किंवा दिवा जोडतात आणि अहवाल लिहितात. त्यातून जोडणी शिकता येते. पदार्थविज्ञान मात्र शिकता येत नाही, कारण सिलिकॉनचा घट घडतो कसा हे आपल्या डोळ्यांआड, कारखान्यात झालेले असते. ज्याला प्रकाशापासून वीज होताना प्रत्येक थराचे काम स्वतःच्या हाताने पाहायचे आहे, त्याने रंजक-संवेदित सौर घट, म्हणजे रंगद्रव्याच्या मदतीने प्रकाश टिपणारा घट, करून पाहावा. मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ'रेगन या शास्त्रज्ञांनी १९९१ साली तो लोकांसमोर मांडला आणि तेव्हाच त्याची कार्यक्षमता ७ टक्क्यांवर होती. आपला घट तेवढे देणार नाही. तरी बीएस्सीच्या प्रयोगशाळेत तो दोन दिवसांत उभा राहतो.

आधी त्याचे काम समजून घ्यावे, म्हणजे पुढची प्रत्येक काळजी का घ्यायची ते कळेल. टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी केवळ अतिनील किरण शोषते. दृश्य प्रकाश तिच्यावरून परतून जातो, म्हणूनच ती पांढरी दिसते. तिच्या कणांवर रंगद्रव्याचा एक पातळ थर बसवला की रंगद्रव्य प्रकाश शोषते आणि आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडला देते. तो इलेक्ट्रॉन कणाकणांतून वाट काढत काचेवरच्या वाहक थरापर्यंत पोहोचतो, बाहेरच्या तारेतून फिरून दुसऱ्या काचेवर येतो, आणि मधले आयोडीनचे द्रावण तो रंगद्रव्याला परत करते. रंगद्रव्याचा एकच सपाट थर फार थोडा प्रकाश शोषतो. म्हणून सच्छिद्र थर हवा. साधारण १० मायक्रॉन जाडीच्या अशा थराचे आतले क्षेत्रफळ त्याने व्यापलेल्या काचेच्या सुमारे हजारपट भरते.

काच साधी चालत नाही. फ्लोरिनमिश्रित टिन ऑक्साइडचा थर असलेली वाहक काच घ्यावी. इंडियम असलेली काच घेऊ नये, कारण हवेत ४५० अंशांपर्यंत तापवल्यावर तिचा रोध वाढतो. २.५ सेंटिमीटर चौरसाचे दोन तुकडे साबणाने, मग डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी इथेनॉलने धुऊन वाळवावेत. मल्टिमीटर रोधावर लावून दोन्ही बाजू तपासाव्यात: ज्या बाजूला दोन आकडी ओहम दिसतात ती वाहक बाजू. ही बाजू चुकली तर पुढचे सगळे श्रम वाया जातात.

आता लेप. ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ०.१ मिलिलिटर ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल मिसळावे. टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो भुकटी, म्हणजे सुमारे २० ते २५ नॅनोमीटर कणांची, २ ग्रॅम घेऊन चिनी मातीच्या खलात टाकावी. रंगाच्या दुकानातली भुकटी जाड कणांची असते, ती चालत नाही. भुकटी हाताळताना तोंडावर मास्क असावा. त्यात हे सौम्य आम्ल एकूण ३ मिलिलिटर घालायचे आहे, परंतु एकदम नव्हे: अर्धा अर्धा मिलिलिटर घालून प्रत्येक वेळी गुठळ्या पूर्ण मोडेपर्यंत घोटावे. अर्ध्या तासाची ही घोटाई कंटाळवाणी वाटते खरी, पण घटाचे पुढचे सगळे गुण याच अर्ध्या तासात ठरतात. शेवटी भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एकच थेंब घालून, फेस न येऊ देता हलकेच ढवळावे. बत्ता उचलला असता लेप धिरड्याच्या पिठासारखा सलग ओघळला पाहिजे.

काचेच्या वाहक बाजूवर तीन कडांना सेलोटेप लावावा. त्याची सुमारे ५० मायक्रॉनची जाडी हेच आपले माप. मध्ये लेपाचे दोन-तीन थेंब सोडून काचेच्या कांडीने एकाच दमात ओढावे. परत परत कांडी फिरवल्यास पट्टे पडतात. लेप सुकल्यावर टेप काढून काच भट्टीत ठेवावी, हळूहळू ४५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी आणि अर्धा तास तेथेच ठेवावी. मध्येच थर तपकिरी होतो, कारण त्यातला साबण जळत असतो. तो पुन्हा शुभ्र झाला की कण एकमेकांना जुळले असे समजावे. भट्टी बंद केल्यावर काच आतच थंड होऊ द्यावी. मी सुरुवातीच्या दिवसांत घाईने एक काच बाहेर काढून कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवली होती. तिचे टचकन दोन तुकडे झाले आणि थराचे पापुद्रे सुटले. तेव्हापासून भट्टी संध्याकाळी लावतो आणि काच सकाळी काढतो.

रंग कोणता घ्यावा, हा या प्रयोगातला सर्वांत रसाळ भाग आहे. नाशिकचा विद्यार्थी साहजिकच काळ्या द्राक्षांकडे वळतो. द्राक्षाच्या सालीतही अँथोसायनिन, म्हणजे फळांना लाल-जांभळा रंग देणारे रंगद्रव्य, असतेच. परंतु त्यात बहुधा माल्विडिन या प्रकाराचे प्रमाण अधिक असते, आणि माल्विडिनच्या रेणूत टायटॅनियमला धरून ठेवणारी शेजारी-शेजारी असलेली हायड्रॉक्सिल गटांची जोडी नसते. रंग गडद दिसतो, पण पकड सैल. डाळिंबाच्या दाण्यांत सायनिडिन आणि डेल्फिनिडिन हे प्रकार असतात, आणि त्यांच्याकडे ही जोडी आहे. म्हणून माझा सल्ला असा की द्राक्षांचा अभिमान क्षणभर बाजूला ठेवून कसमादे पट्ट्यातले, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागांतले भगवा जातीचे डाळिंब पंचवटीच्या मार्केट यार्डातून आणावे. पावसाच्या तोंडावर जांभळे मिळाली तर तीही उत्तम. आणि शक्य असल्यास द्राक्षाचाही एक घट शेजारी करावा, म्हणजे रेणूच्या रचनेतला फरक मल्टिमीटरवर वाचता येईल का, ते स्वतः तपासता येते.

दाणे चुरडून रस फडक्यातून, मग गाळणकागदातून गाळावा. काच पुन्हा साधारण ८० अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच रसात बुडवावी, म्हणजे छिद्रांत हवेतली वाफ शिरत नाही. पावसाळ्यात तर हे विसरून चालणार नाही. येथे एक गोष्ट निरखून पाहण्यासारखी आहे: रस लाल असतो, पण थर जांभळा होतो. रंगद्रव्य टायटॅनियमशी नुसते चिकटलेले नसून बंधाने जोडले गेल्याची ही खूण होय. तासाभराने काच उलटी करून पाहावी. काचेच्या बाजूने पांढरट ठिपके दिसले तर पुन्हा बुडवावी. मग पाण्याने, त्यानंतर इथेनॉलने धुऊन टिपकागदाने पाणी टिपून घ्यावे, कारण उरलेले पाणी रंगाला थरावरून सोडवते.

दुसऱ्या काचेची वाहक बाजू मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळीचा सलग थर चढवावा, आणि एका कडेची पाच मिलिमीटर पट्टी पुसून घ्यावी. द्रावणासाठी १० मिलिलिटर निर्जल इथिलीन ग्लायकॉलमध्ये ०.८३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ०.१३ ग्रॅम आयोडीन विरघळवावे. हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. जांभळा थर व काजळी समोरासमोर येतील अशा रीतीने काचा ठेवून त्या एकमेकींपासून थोड्या सरकवाव्यात, म्हणजे तारेचे चिमटे लावायला कडा मोकळ्या राहतात. दोन बाइंडर क्लिप लावून सांध्यावर द्रावणाचे दोन थेंब सोडावेत. ते आपोआप आत खेचले जातात. कडेला सांडलेले मात्र पुसलेच पाहिजे.

मोजणीत बहुतेकांचे चुकते. प्रकाश जांभळ्या थराच्या बाजूने, काचेतून आत यावा. १ चौरस सेंटिमीटरची खिडकी कापलेला काळा कागद त्या काचेवर लावावा, नाहीतर क्षेत्रफळ कमी धरले जाऊन आकडे फुगतात. घट फळीवर बसवून शेजारी काटकोनात एक खिळा ठोकावा आणि खिळ्याची सावली नाहीशी होईपर्यंत फळी कलती करावी, म्हणजे ऊन सरळ पडते. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस भर दुपारी फळी आडवी ठेवली तरी जवळजवळ हेच साधते. डिसेंबरात मात्र चांगलीच दक्षिणेकडे झुकवावी लागते.

१ किलोओहमचे पोटेन्शियोमीटर (कमी-जास्त करता येणारा रोध) आणि दोन मल्टिमीटर घेऊन विद्युतदाब व प्रवाह एकाच वेळी नोंदवावेत. प्रवाह मोजताना २० मिलिअँपिअरची पट्टी निवडावी. साध्या मल्टिमीटरच्या २ मिलिअँपिअरच्या पट्टीत सुमारे १०० ओहमचा रोध आत दडलेला असतो, आणि ०.४ व्होल्टच्या घटाला तो फार जड जातो. समजा, खुल्या मंडलात ०.४ व्होल्ट, लघुमंडलात १.५ मिलिअँपिअर आणि भरण गुणक (या दोहोंच्या गुणाकाराचा जेवढा भाग प्रत्यक्ष शक्ती म्हणून मिळतो तो) ०.५ आला, तर शक्ती ०.३ मिलिवॅट होते. प्रमाणित सूर्यप्रकाश दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट धरल्यास कार्यक्षमता ०.३ टक्के. नैसर्गिक रंगाच्या घटासाठी हा आकडा प्रामाणिक आहे. त्याच्या जोडीला अंधारातले वाचन आणि रंग न लावलेल्या पांढऱ्या थराचे वाचन अवश्य द्यावे. या दोन नोंदी नसलेल्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही.

०.३ टक्के पाहून हिरमुसू नये. २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने याच रचनेत रंगद्रव्याच्या जागी पेरोव्हस्काइट हे विशिष्ट स्फटिकरचनेचे द्रव्य वापरले, तेव्हा ३.८ टक्के मिळाले होते. आज प्रयोगशाळेतले छोटे पेरोव्हस्काइट घट २५ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत.

घट काही दिवसांत मंदावतो. द्रावण सुकले असेल तर एक थेंब पुन्हा सोडून पाहावा. जांभळा रंग तपकिरी पडला असेल तर काच नव्याने रंगवावी लागते. काम संपल्यावर उरलेल्या आयोडीनमध्ये सोडियम थायोसल्फेटचे द्रावण रंग जाईपर्यंत घालावे आणि मगच ते टाकावे. वाहक काच महाग असते, म्हणून पांढरा थर इथेनॉलमध्ये भिजवलेल्या कापसाने घासून काढून ती पुढच्या तुकडीच्या विद्यार्थ्यांसाठी, वाहक बाजूवर खूण करून, कागदात गुंडाळून ठेवावी.