पाडलेल्या घराच्या राडारोड्यातून पायाचे काँक्रीट कसे करावे

कोल्हापुरात मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत एखादे जुने घर उतरवले की दोन दिवसांत गल्लीच्या तोंडाशी राडारोड्याचा ढीग उभा राहतो, आणि तो ट्रॉलीत भरून कुठल्या तरी ओढ्याच्या काठी किंवा जुन्या खणीत ओतायची आपल्याकडे सवयच आहे. 2019 आणि 2021 साली पंचगंगेचे पाणी वस्त्यांत शिरलेले ज्यांनी पाहिले, त्यांना पाण्याच्या वाटेत भराव टाकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. इकडे त्याच घराच्या नव्या पायासाठी आपण डोंगर फोडून आणलेली खडी विकत घेतो. जुन्या स्लॅबचा एक तुकडा घणाने फोडून पाहावा. राखाडी मसाल्यात बसलेला तोच काळा दगड आत दिसतो आणि इतक्या वर्षांत त्याला काहीही झालेले नसते.

या कामाचे यश क्रशरपेक्षा घर कसे उतरवले यावर अधिक अवलंबून असते. जेसीबीने सगळे एकदम ओढून पाडले, तर माती, विटा, प्लास्टर, लाकूड आणि काँक्रीट यांची खिचडी होते, आणि ती नंतर निवडण्याची मजुरी कोणालाच परवडत नाही. म्हणून आधी दारे, खिडक्या, तुळया, कौले आणि वायरिंग काढावे. त्यानंतर पीओपीचे छत स्वतंत्रपणे उतरवून त्याची पोती वेगळी बांधावीत. मग भिंती आणि शेवटी स्लॅब, बीम व कॉलम, असा क्रम ठेवावा. बांधकाम व पाडकाम कचऱ्यासाठीच्या 2016 च्या नियमांनी मोठ्या कामांना काँक्रीट, माती, विटा-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग वेगळे ठेवणे बंधनकारक केले. लहान घरालाही हीच वाटणी सोयीची पडते.

पीओपीबाबत मी विशेष आग्रही आहे. पीओपी म्हणजे जिप्सम, आणि त्यातील सल्फेट सिमेंटशी संयोग पावून काँक्रीट कडक झाल्यानंतर आतून फुगते व तडे पाडते. हे तडे काही महिन्यांनी दिसतात आणि तोवर पाया झाकला गेलेला असतो. जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील, तर ते फोडू नयेत आणि कापूही नयेत. ओले करून अखंड उतरवावेत आणि क्रशरच्या आसपासही येऊ देऊ नयेत.

काँक्रीटच्या ढिगातील सळया कापून काढल्यावर तुकडे क्रशरच्या जबड्यात बसतील एवढे करावेत. फोडताना सतत पाणी शिंपडावे, कारण ती धूळ सिलिकाची असते आणि ती फुफ्फुसात कायमची बसते. तोंडाला बांधलेला रुमाल यासाठी पुरत नाही, धुळीचा मास्कच हवा. फोडलेला माल 20 मिमी आणि 4.75 मिमीच्या चाळण्यांतून काढावा. मोठ्या चाळणीवर राहिलेला माल पुन्हा फोडावा आणि मधला माल खडी म्हणून धुऊन घ्यावा. खालचा बारीक चुरा काँक्रीटमध्ये वापरू नये, असे माझे मत आहे. खडी-वाळूसाठीच्या आयएस 383 या भारतीय मानकात त्यालाही मर्यादित परवानगी आहे, परंतु त्यात जुन्या मसाल्याची भुकटीच जास्त असते आणि ती पाणी फार पिते. जोत्यातील भरावाला मात्र तो उत्तम चालतो.

पाणी पिणे हाच या खडीचा मुख्य स्वभाव आहे, कारण प्रत्येक खड्याला जुना सच्छिद्र मसाला चिकटलेला असतो. किती पाणी पिते, हे जागेवरच तपासता येते. पूर्ण वाळवलेली 2 किलो खडी 24 तास पाण्यात बुडवून ठेवावी, बाहेर काढून जुन्या सुती कापडाने प्रत्येक खड्याची वरची ओल टिपावी आणि लगेच वजन करावे. वजन 2 किलो 110 ग्रॅम भरले, तर शोषण साडेपाच टक्के झाले. आयएस 383 च्या 2016 च्या आवृत्तीनुसार अशा खडीला 10 टक्क्यांपर्यंत शोषण चालते, मात्र ती मिसळण्यापूर्वी भिजवलेली असली पाहिजे.

ही अट मी एकदा हलक्यात घेतली होती. रात्री भिजवलेली खडी दुपारपर्यंत उन्हात उघडी राहिली. मिक्सरमधून माल छान निघाला, पण ओतेपर्यंत इतका घट्ट झाला की गवंड्याने त्यात पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या. त्या दिवसाचे क्यूब, म्हणजे तपासणीसाठी भरलेले काँक्रीटचे ठोकळे, ताकदीला कमी ठरले आणि पायाखालचा तेवढा बेड काढून पुन्हा करावा लागला. तेव्हापासून खडी आदल्या संध्याकाळी भिजवून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायची आणि पाणी मोजूनच घालायचे, हा माझ्या कामाचा नियम आहे.

कुठे किती वापरावी, याची मर्यादा स्पष्ट आहे. एम 15 पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये (एम पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो), म्हणजे पायाखालच्या पीसीसीत, सळई नसलेल्या साध्या थरात, सगळी खडी जुन्या काँक्रीटची चालते. सळई नसलेल्या इतर काँक्रीटमध्ये 25 टक्के आणि सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, म्हणजे आरसीसीमध्ये, 20 टक्के, तीही एम 25 पर्यंतच. विटांचा चुरा मिसळलेला माल आरसीसीत अजिबात चालत नाही. तो पीसीसीला किंवा गच्चीच्या कोब्याला द्यावा. आरसीसीत वापर करायचा असेल, तर मिश्रणाचे प्रमाण इंजिनिअरकडूनच ठरवून घ्यावे. प्रथमच करणाऱ्याने पीसीसीपासून सुरुवात करावी.

पीसीसीसाठी 1:3:6 प्रमाण धरले, तर सिमेंटच्या एका 50 किलोच्या पोत्याला, म्हणजे 35 लिटरला, 105 लिटर वाळू आणि 210 लिटर भिजवलेली खडी लागते. अशा एम 10 प्रतीच्या काँक्रीटला आयएस 456 या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे पोत्यामागे जास्तीत जास्त 34 लिटर पाणी घालता येते, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल कोरडा वाटला, तरी पाणी वाढवू नये. मिक्सर थोडा अधिक वेळ फिरवावा. ताकदीची खात्री वाटत नाही म्हणून पोत्यामागे आणखी सिमेंट टाकण्याचा मोहही आवरावा, कारण काँक्रीटमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनात मोठा वाटा सिमेंटचाच असतो आणि खडीत वाचवलेले तिथे खर्ची पडते. फ्लाय अ‍ॅश (वीज केंद्रातील राख) असलेले पीपीसी सिमेंट किंवा लोखंडाच्या भट्टीतील मळीचे स्लॅग सिमेंट वापरणे हा त्यापेक्षा चांगला मार्ग आहे.

अशा सिमेंटला किमान 10 दिवस पाणी मारावे लागते. मी 14 दिवस मारतो. पहिल्या दिवशीच 150 मिमीचे सहा क्यूब भरावेत, तीन 7 दिवसांना आणि तीन 28 दिवसांना तपासावेत, आणि प्रत्येक क्यूबवर तारखेबरोबरच खडी कोणत्या ढिगातली आहे हेही रंगाने लिहावे. क्यूब ताकदीला कमी ठरला, तर त्या ढिगाची उरलेली खडी भरावाकडे वळवावी.